लेकरं माझ्याकडं, पोरी वर्गात

काय काम करता, असं कोणी विचारलं तर मी "शाळेत आहे" एवढंच सांगते. मग समोरचा हमखास विचारतो, "कोणता वर्ग?" तिथं माझी पंचाईत होते. मी वर्गात नसते, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात असते. आत पोरी शिकतात आणि बाहेर मी त्यांची लहान भावंडं सांभाळते. माझं स्वतःचं शिक्षण चौथी.

आमच्या संस्थेच्या मनीषाताई म्हणाल्या, "मावशी, पुढच्या दिवाळी अंकासाठी तुमचे अनुभव सांगा, मी लिहून घेते." मला कोणी समोर बसून ऐकायला लागलं की शब्दच फुटत नाही. म्हणून दुपारी लेकरं झोपली की मीच लिहायला बसले. ताईंना द्यायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. लिहिताना कोणी तोंडाकडं बघत नाही, हे मात्र बरं आहे.

आधी कामाचं सांगते. आमचं गाव निलंगा तालुक्यात. दिवाळी झाली की गावामागच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. लोह्याकडच्या, कंधार-मुखेडकडच्या. बांबू, ताडपत्री आणि उसाचं वाडं घेऊन कोप्या उभ्या करतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मोडून जातात. एका मीटिंगला गुरुजी म्हणाले, "ही माणसं म्हणजे निर्वासितच." मी ताईंना हळूच अर्थ विचारला. ज्यांचं घर सुटलं ते निर्वासित, असं त्या म्हणाल्या. घर एकदा सुटलं तर माणूस दुसरं बांधतो. यांचं दरवर्षी सुटतं आणि दरवर्षी परत मिळतं, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आईबाप अंधारातच उसाच्या फडात जातात. मागं कोपीत तान्हं लेकरू राहतं आणि त्याला सांभाळायला थोरली बहीण. मुलगी शिकवा, असं शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. पण त्या मुलीच्या कडेवर जे बसलेलं असतं ते कुठं ठेवायचं, हे कोणत्याच भिंतीवर लिहिलेलं नाही. पोरी लेकरं घेऊनच वर्गात यायच्या. लेकरू रडलं की गुरुजी म्हणायचे, "बाहेर घेऊन जा." पोरगी जी बाहेर जायची ती तिकडूनच कोपीवर. त्यावर मनीषाताईंनी तोडगा काढला की एक बाई बाहेर बसवायची. ती बाई मी. मालक वारले, लेकी नांदायला गेल्या, घरी मन लागत नव्हतं. लेकरं सांभाळायची म्हणजे काय अवघड, असं वाटून मी हो म्हणाले.

बेजार झाले. एक झोळीत झोपवावं तर त्याच्या शेजारचं उठतं. एकाला भूक लागली की सगळ्यांना लागते. बहीण खिडकीतून दिसली तर लेकरू तिच्याकडं झेपावतं, म्हणून लेकरंवाल्या पोरींना मी पलीकडच्या भिंतीला बसवायला लावलं. सुरुवातीला गुरुजी चिडले, "वर्गात कोण कुठं बसणार ते आता तुम्ही ठरवणार का?" मी मान खाली घालून उभी राहिले. एवढ्यात दोन लेकरं एकदम रडायला लागली आणि गुरुजींनी आपणच पोरींना उठवून भिंतीकडं नेलं.

पाहुणे आले की मग तर विचारूच नका. एकदा लातूरहून मोठी माणसं आली. पाठीमागं कापडी फलक लावला, त्यावर मुलींचं सक्षमीकरण असं लिहिलेलं. एका मॅडमनं मला विचारलं, "सक्षमीकरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राहिले. तेवढ्यात त्यांनी प्रेमानं सगळ्या लेकरांच्या हातात क्रीमची बिस्किटं दिली. दात नसलेल्यांनासुद्धा. फोटो काढले आणि गाड्या गेल्या. दुपारनंतर एकेका लेकराचं पोट जे सुटलं ते संध्याकाळपर्यंत. त्या दिवशीच्या सक्षमीकरणाची दुपटी मी हापशावर बसून धुतली.

आता दुर्गाचं सांगते, कारण लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

दुर्गा सातवीत होती. तिचा बाप मारुती, आई शांताबाई, गाव लोह्याकडचं. कडेवर भाऊ सोन्या, दीड वर्षाचा. असं लेकरू मी माझ्या जन्मात पाहिलं नाही. बहिणीशिवाय कोणाकडं राहायचं नाही, आणि रडायला लागला की गावातली कुत्रीसुद्धा उठून जायची. दुर्गाची ओढणी हातात दिली तरच गप्प बसायचा. मग दुर्गा बिनओढणीची वर्गात, आणि गुरुजींचं सुरू, "ओढणी कुठंय? गणवेश म्हणजे गणवेश." ती उठून बाहेर यायची, ओढणी ओढून घ्यायची, सोन्या भोकाड पसरायचा. शेवटी माझ्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून मी तिला ओढणी केली. निळ्या गणवेशावर हिरवी. गुरुजींनी कपाळावर हात मारला.

दुर्गा फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. भांडखोर होती. पाढे चुकायची आणि चुकले तरी जोरात म्हणायची. मी एकदा विचारलं, "तुला शाळा काहून आवडती गं?" म्हणाली, "मावशी, हितं बसायला मिळतंय." मला हसू आलं. मग आलं नाही.

संक्रांत होऊन गेली आणि शांताबाईच्या नडगीवर कोयता बसला. उसाच्या ओल्या पाचटावरून पाय घसरला, एवढंच. ट्रॅक्टरवर घालून निलंग्याला नेलं, टाके पडले. डॉक्टरनं सांगितलं, पाय टेकवायचा नाही, होळीपर्यंत तरी.

दुसऱ्या दिवशी दुर्गा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी कोपीवर गेले. शांताबाई पाय लांब करून बसलेली, मांडीवर सोन्या, आणि दुर्गा बापाबरोबर फडात.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नाही. म्हणून तर या लोकांत पोरी लवकर उजवतात, पोराची जोडी लागावी म्हणून. आणि पोरगी एकदा फडात मोळी बांधायला लागली की तिची शाळा संपली असं समजायचं. कोणी काढत नाही तिला. ती आपोआप परत येत नाही. मी चौथी पास झाले, पाचवीत नाव घातलं आणि आईच्या बाळंतपणात थोडे दिवस म्हणून फडात गेले. ते थोडे दिवस अजून संपायचेत.

संध्याकाळी मारुती आला. मी पदर सावरून म्हणाले, "पोरीला शाळेत धाडा."

"मावशी, म्या तोडतो. मोळी कोण बांधायचं? तुम्ही?"

"गुरुजी विचारून राहिले तिला."

"गुरुजीला म्हणा, या फडात. कोयता देतो."

मारुती वाईट माणूस नव्हता. दिवसभर वाकून त्याची कंबर सरळ होत नव्हती. पण त्याच वेळी टोळीचा मुकादम तिथं टेकला होता. तो विडी ओढत म्हणाला, "पोरगी चांगली हाताला लागली की रं मारुती. आता जोडीदार बघून टाक. माझा भाचा हाय, सांगून ठेवतो. पुढच्या हंगामाला तुझे दोन कोयते."

दुर्गा चुलीपाशी बसून बोटातले काटे काढत होती. पाचटाची कुसळं. मी घरी आले आणि स्वतःवरच चिडले. गुरुजी विचारतात म्हणे! दुसरं काही सुचलं नाही मला.

रात्र तळमळत काढली असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी लेकरांमागं इतकी दमलेली असते की पडले की झोपते. सकाळी भाकरी थापताना सुचलं. मी तशीच पिठाच्या हातानं कोपीवर गेले.

"शांते, टाके नडगीला पडलेत. मांडी तर शाबूत हाय ना?"

"काय म्हंता मावशी?"

"तू शाळंच्या व्हरांड्यात बस. लेकरं संभाळ. तुझ्या जागी मी जाते मोळ्या बांधायला. दुर्गा वर्गात."

ती हसायलाच लागली. "तुमच्यानं व्हतंय का? केस पिकले तुमचे."

"केसानं बांधायची न्हाई मोळी."

मारुती डोकं खाजवत उभा. त्याला बांधणारं माणूस पाहिजे होतं, कोण का असेना. त्यानं बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेऊन ठेवलं आणि मी त्याच्या मागं फडात गेले.

पहिल्याच दिवशी मुकादमानं सगळ्यांदेखत आरोळी दिली, "मारुत्या, नवी बायको केलीस व्हय रं? कळवलं न्हाईस!" सगळा फड हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पदर तोंडावर ओढला आणि मोळी आवळायला लागले. टोळीतल्या एका म्हातारीनं उत्तर दिलं, "मुकादम, मायच्या वयाची हाय ती तुमच्या. तुमच्या बापाला विचारा, त्याला कळवलं व्हतं का!" मग फड त्याच्यावर हसला. तो माझ्या वाटेला पुन्हा गेला नाही, पण माझे कान दिवसभर गरम राहिले.

काम माझ्यानं होत होतं असं नाही. हात विसरले नव्हते, कंबर विसरली होती. मारुती दर थोड्या वेळानं म्हणायचा, "मावशी, आटपा जरा." दोन दिवसांनी म्हणायला लागला, "मावशी, बसा जरा." मी बसले नाही. टोळीतल्या बाया येता-जाता माझ्या चार मोळ्या उचलून गाडीत टाकायच्या आणि बोलायच्या मात्र, "आली मोठी शाळंवाली."

तिकडं शाळेत वेगळंच चाललेलं. शांताबाईनं लेकरं सांभाळली ती फडातल्या पद्धतीनं. फडात आई काम करत असली की रांगतं लेकरू लांब जाऊ नये म्हणून त्याचा पाय लुगड्याच्या चिंधीनं गाडीच्या चाकाला बांधतात. दोरीच्या बेतानं खेळत राहतं बिचारं. शांताबाईला चाक मिळालं नाही, म्हणून तिनं व्हरांड्याच्या एकेका खांबाला एकेक लेकरू बांधलं. खांब कमी पडले तेव्हा झेंड्याचा खांबही घेतला. गुरुजी बाहेर येऊन बघतात तर ही रांग. त्यांनी लगेच मनीषाताईंना फोन लावला, "तुमची मावशी गायब आहे, आणि इथं कोणी अनोळखी बाई आहे, तिनं मुलं बांधून ठेवलीत."

ताई चांगल्या चपला घालून थेट फडात आल्या. पाचटात एक चप्पल अडकली. "मावशी! तुम्ही इथं काय करताय?"

"मोळ्या बांधून राहिले."

"पण तुमची नेमणूक शाळेत आहे. मी वर काय सांगू?"

"दुर्गा वर्गात होती का?"

"होती."

"बाकीच्या पोरी?"

"होत्या."

"मग तसंच सांगा," असं मनात म्हणाले. तोंडानं म्हणाले, "लेकरांचे पाय सोडायला सांगते शांतीला." ताई अडकलेली चप्पल काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "होळीपर्यंतच ना?" आणि गेल्या. ताईंचंही एक डोकं आहे, आणि त्या डोक्यावर दहा साहेब आहेत.

संध्याकाळी मी शांताबाईला म्हणाले, "बांधू नगंस गं लेकरं. शाळा हाय ती."

"मग धरू कशी? मला का पाय हाय पळायला? तुम्ही पळता."

शेवटी गुरुजींनीच व्हरांड्याच्या तोंडाला दोन बाक आडवे लावून दिले. मी इतके दिवस पळत होते, आणि बाक तिथंच पडून होते.

शांताबाई रोज खिडकीतून पोरीकडं बघायची. मला वाटलं, हिला आता शाळेचं महत्त्व पटेल, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. ती आली ती चिडूनच. "मावशी, ही पोरगी घरात माझं एक ऐकत न्हाई. तिथं तो मास्तर ऊठ म्हणला की उठती, बस म्हणला की बसती. आन् चुकलं तरी हात वर! लाज म्हणून न्हाई. दहादा चुकली, दहादा हात वर."

"मग?"

"मग काय. अकराव्यांदा बरोबर आलं." एवढं बोलून तिनं सोन्याचं नाक पुसलं.

होळीच्या अगोदर मुकादम भाच्याला आणि त्याच्या आईला घेऊन कोपीवर आला. मी सरपण द्यायला गेले होते, अडकले. चहा झाला. भाच्याची आई दुर्गाकडं बघून म्हणाली, "हाडापेरानं बरी हाय. कामाला कशी हाय?"

मारुती बोलणार एवढ्यात शांताबाई म्हणाली, "कामाला? कुठली हो! मोळी आवळता येत न्हाई तिला. दोन दिवस फडात नेली तर बोटं सुजवून बसली."

मुकादम म्हणाला, "अहो वहिनी, मी स्वतः बघितली की बांधताना."

"तुम्ही बघितल्या त्या मी सोडून परत बांधल्या व्हत्या," शांताबाई म्हणाली. तिचा पाय तेव्हा पट्टीत होता. परत बांधायला ती कुठून जाणार? पण असं ठासून म्हणाली की मुकादमालाही आठवेना. "भाकरी करपवती. पाणी सांडती. शाळंत बसून बसून बुड जड झालंय तिचं. उद्या तुम्ही माझ्या दारात आणून सोडाल, त्यापरीस आधीच सांगितलेलं बरं."

भाच्याच्या आईनं कप खाली ठेवला. फडातल्या माणसांना पोरगी काळी चालते, ठेंगणी चालते, बोलायला फटकळ चालते. अर्धा कोयता चालत नाही. ती मुकादमाला म्हणाली, "चल रं दादा, उशीर व्हतोय."

ते गेले, आणि खरा दंगा त्यानंतर झाला. दुर्गा आईवर धावून आली. "मला काम येत न्हाई म्हणलीस? सगळ्यांसमोर? बुड जड म्हणलीस?" डोळे लाल, नाक फुगलेलं. "उद्या दावते फडात जाऊन. सगळ्यांपरीस जास्त मोळ्या बांधून दावते!"

मी कपाळ बडवून घेतलं. आईनं अब्रू घालवून पोरीला वाचवावी, आणि पोरीनं अब्रूपायी परत फडात जावं! मी लाजरी बाई, कोणाच्या पोरीला हात लावत नाही. त्या दिवशी तिची वेणी धरली. "तू बांधू शकतेस हे मला माहीत हाय, तुझ्या आईला माहीत हाय. मुकादमाला कळायला नगं. कळलं का? उद्या गुमान वर्गात बस, न्हाईतर तुझ्या आईनं बोललेलं खोटं फुकट जाईल."

ती दुसऱ्या दिवशी आली, पण आईशी आठवडाभर बोलली नाही. व्हरांड्यात आई, आत पोरगी, आणि मध्ये सोन्या दोघींकडं बघत रडायचा. मारुतीही बायकोवर फुगला होता. भाच्याकडची माणसं बरी होती असं तो अजून म्हणतो. मी काय सांगणार? पोरीचं पुढं भलं होईल की नाही हे मला कुठं माहीत आहे? सातवीचा निकाल लागला, पास झाली, एवढं माहीत आहे. टोळी पाडव्याला गेली तेव्हा शांताबाई लंगडत ट्रॅक्टरवर चढली. जाताना "येते" म्हणाली, दुसरं काही नाही. मला राग आला. माझी कंबर अजून धरलेली होती.

यंदा दिवाळीनंतर टोळी परत आली. मी माळावर गेले. मारुती होता, शांताबाई होती, सोन्या होता. दुर्गा नव्हती. म्हटलं, उजवली.

शांताबाईनं सोन्याला उचलून माझ्या हातात दिलं. "धरा. दुर्गा गावाकडं ऱ्हायली. आमच्यातल्या पोरींसाठी शाळंत वसतिगृह केलंय हंगामापुरतं, तिथं ठेवली. आठवीत हाय. आता ह्याला संभाळायला मागं कोण हाय माझ्या? तुम्हीच."

मला खाली बसावं लागलं. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "कंबर."

महिन्याभरानं मनीषाताई लेकरं बघायला आल्या. "मावशी, हा कोणाचा?"

"शांतीचा. सोन्या."

"याची बहीण आता आपल्या शाळेत नाही ना? मग याला इथं ठेवता येत नाही मावशी. आपण शाळेतल्या मुलींचीच भावंडं सांभाळतो."

"ताई, ती शाळेत हाय म्हणूनच तर हा हितं हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. गुरुजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ताई म्हणाल्या, "वर विचारते." वरून अजून काही आलेलं नाही. तोवर सोन्या आहे. आता तो पळतो, आणि आडवे बाक त्याला अडवत नाहीत.

शांताबाईचं बघून टोळीतल्या आणखी दोघींनी पोरी मागं गावाकडच्या वसतिगृहात धाडल्या आणि लेकरं आणून माझ्यापुढं टाकली. वर मलाच ऐकवतात, "तुम्हीच सांगत व्हता ना पोरी शिकवा?" मी कधी सांगितलं? मी तर बोलतच नाही.

माळावरची आणखी एक बाई काल संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. तिची पोरगी सहावीत आहे, तिलाही मागं पाठवायचं चाललंय. मी काही म्हणायच्या आधीच तिनं सांगून टाकलं की लेकरू सोमवारपासून आणते, आणि त्याला दात येतायत, तेव्हा ते चावतं.